काठीपर्यंतचं पाणी

जुलै अर्धा सरला तरी जर्मनीतल्या बाखवायलर या खेड्यावर पावसाचा टिपूस नव्हता. ऊर्मिला सकाळी शेतात आली की आधी भेंडीच्या पानाखाली तळहात धरायची. पान गार लागलं की तिचा दिवस बरा जायचा. गेल्या आठवड्यापासून पान गार लागत नव्हतं, आणि माती तर पायाखाली भाजलेल्या पापडासारखी मोडत होती.

शेत म्हणजे काही मोठा मळा नव्हे. गावाकडचं कुणी आलं असतं तर त्यानं त्याला परसूच म्हटलं असतं. ओढ्यापासून वर चढत गेलेला एक पट्टा, पण त्यात काय नव्हतं? भेंडी, वांगी, दोडका, मिरची, मांडवावर चढलेला दुधी, आणि अगदी वरच्या टोकाला गवार. लग्न होऊन ऊर्मिला कायझर्सलाउटर्नला तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आली, तेव्हा हाताला काम नव्हतं असं नाही. पण मातीचं काम नव्हतं. शिरोळकडच्या पोरीला ते कसं सोसावं? नवऱ्याच्या, हृषिकेशच्या मागे लागून तिनं बिऱ्हाड या खेड्यात हलवलं. तो बिचारा तेव्हापासून रोज रेल्वेनं ऑफिसला जातो आणि रोज त्याबद्दल कुरकुरतो.

जमीन फ्राउ एमरिख नावाच्या म्हातारीची. तिचा पुतण्या तिथं घोडे सोडायला टपलेला होता. वसंतात ऊर्मिला तिच्या दारात जाऊन उभी राहिली, तेव्हा म्हातारीनं तिच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघितलं होतं. "एक उन्हाळा करून दाखव," ती म्हणाली होती. "केर्वेला मी स्वतः येऊन बघेन. पटलं तर पुढं तूच कर. नाही पटलं तर घोडे." केर्वे म्हणजे तिथली गावजत्रा, ऑगस्टच्या शेवटी भरते. तोपर्यंत हे शेत जगवायचं, एवढी एकच गोष्ट ऊर्मिलाच्या डोक्यात उठता-बसता होती.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात हृषिकेश संध्याकाळी गावातल्या पाटीवरची सूचना वाचून घरी आला.

"अगं, पंप बंद," बूट काढता काढता तो म्हणाला. "ओढ्यातून मोटरनं पाणी उचलायचं नाही. आजपासून."

स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या ऊर्मिलाचा हात थांबला. "म्हणजे? किती दिवस?"

"पाऊस पडेपर्यंत."

कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे सासरे बसले होते. दिनकरराव जून महिन्यात व्हिसा काढून आले होते ते नातीला बघायला. पण नातीपेक्षा त्यांचा मुक्काम दुधीच्या मांडवाखालीच जास्त. त्यांनी टोपी सारखी केली.

"आन् पल्याड?" त्यांनी विचारलं.

पल्याड म्हणजे ओढ्याच्या दुसऱ्या काठाला. एर्लेनबाख हा ओढा एवढासा, की ऊर्मिलाची नऊ वर्षांची मैथिली उडी मारून पलीकडं जायची आणि भूक लागली की उडी मारून परत यायची. पण मधून राज्याची हद्द जात होती. अलीकडं राइनलँड-फाल्झ, पलीकडं झारलँड.

"पलीकडं अजून बंदी नाही, आबा," हृषिकेश म्हणाला. "आल्झो, म्हणजे कसं आहे, पाण्याचा मूळ कायदा बर्लिनचा, सगळ्या देशाला एकच. पण बारीक नियम प्रत्येक राज्य आपापले करतं, आणि कुठल्या ओढ्यावर कधी बंदी घालायची ते त्या त्या जिल्ह्याची कचेरी ठरवते. आपल्या कचेरीनं घातली. त्यांची अजून विचार करतेय."

"वढा एकच न्हवं?"

"गेनाऊ, बरोबर. ओढा एकच."

दिनकररावांच्या मिशा जराशा हलल्या. ऊर्मिलानं त्या हलताना पाहिल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ती पुन्हा परातीकडं वळली होती. ज्या माणसाचं उभं आयुष्य महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमेवर, नदीच्या पाण्याकडे डोळे लावून गेलं, त्याला हे असलं काही सांगू नये, हे हृषिकेशला तरी कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ऊर्मिला झारीनं पाणी घालू लागली. ओढ्यात वाकायचं, दोन झाऱ्या भरायच्या, चढ चढायचा, ओतायचं, उतरायचं. दुपारपर्यंत खांदे भरून आले, तळव्यांना फोड आले, आणि एवढं करून भिजली ती फक्त वांगी. भेंडी माना टाकून बघत उभी होती. वरच्या गवारीपर्यंत तर ती पोहोचलीच नाही. मैथिलीनं आपल्या खेळण्यातल्या झारीनं एकेका झाडाला घोट घोट पाणी पाजलं आणि जर्मनमध्ये प्रत्येकाला धीर दिला. तेवढंच ऊर्मिलाला हसू आलं.

तिसऱ्या दिवशी ती गावातून परत आली तो शेतात पाणी खळखळत होतं.

तिला आधी आपल्या कानांवर विश्वासच बसेना. भेंडीच्या सरीतून पाणी चाललं होतं, खरंखुरं, दोन बोटं भरून. सरीच्या तोंडाशी दिनकरराव धोतराचा काचा मारून, खुरपं घेऊन पाणी वळवत होते. चेहऱ्यावर असं तेज, की वीस वर्षं उतरली असावीत. घरची मोटर पलीकडच्या काठावर, झारलँडात धडधडत होती, आणि तिथून पाइप ओढ्यावरून थेट इकडं आला होता. मोटरीशेजारी पलीकडचा शेतकरी, हेर मोल्टर, लालबुंद चेहऱ्यानं आनंदात उभा होता.

"मामंजी! हे काय?"

"पानी," दिनकरराव म्हणाले. "हितं बंदी हाय, तितं न्हाई. मग तितनं उचललं. आमच्याकडं पल्याडच्या राज्यानं सोडलं की आमी घ्येतोच की."

"आणि त्यांना कसं विचारलंत? तुम्हाला जर्मन कुठं येतंय?"

"बोलायला कशाला लागतंय? भेंडी दाखवली, मोटर दाखवली. मग खर्डा चारला."

मोल्टरचा चेहरा का लालबुंद होता ते तेव्हा तिला कळलं. तो पलीकडून अंगठा वर करून डोळे पुसत होता. ऊर्मिलाला हे बरोबर नाही असं कुठंतरी वाटत होतं, खोटं कशाला बोला. पण पाणी भेंडीच्या बुडाशी जिरताना जो वास येतो तो नाकात गेला आणि तिनं काही म्हटलं नाही. चप्पल काढून ती सरीत उतरली. त्या संध्याकाळी भेंडीनं मान वर केली.

सुख दोन दिवस टिकलं. ओढ्याकाठच्या पायवाटेनं फिरायला येणारी माणसं पुष्कळ. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला पाइप कुणाच्या तरी नजरेत भरणारच. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही काठांवर एकेक गाडी येऊन थांबली. अलीकडच्या गाडीतून पाणीखात्याच्या फ्राउ लोरेन्स उतरल्या, उंच गमबूट घातलेल्या. पलीकडच्या गाडीतून हेर थील, हातात कागदांची फाइल. दोघांनी ओढ्यावरून एकमेकांना गुटन मॉर्गन केलं आणि मग पाइपाकडे बघितलं.

"मोटर तुमच्याकडे आहे," फ्राउ लोरेन्स म्हणाल्या.

"पण शेत तुमच्याकडे आहे," हेर थील म्हणाले.

"पाणी तुमच्या काठावरून उचललंय."

"पण उचलल्यावर ते तुमच्या भेंडीत गेलंय. आमच्याकडच्या माणसाला काठावरच्या स्वतःच्या जमिनीसाठी घेता येतं. ही जमीन त्याची नाही, आणि आमच्या राज्यात तर नाहीच नाही."

मोल्टर मधेच बोलायला गेला आणि दोघांनीही त्याच्याकडे असं बघितलं, की तो पुन्हा शेजारच्या मोटरीकडे बघू लागला. थोडा वेळ दोन्ही राज्यं आपापल्या काठावर उभं राहून विचार करत राहिली. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं: मोटर काढायची, आता, लगेच.

ऊर्मिलानं सासऱ्यांना सांगितलं ते जितकं मऊ करून सांगता येईल तितकं. पण दिनकररावांना सूर कळत होता. ते गुमान पुलावरून पलीकडं गेले, मोटर सोडवली, खांद्यावर घेतली. पायवाटेवर सायकलवाले थांबून बघत होते. एका बाईनं कुत्र्यालासुद्धा थांबवलं. मोल्टर हात लावायला धावला तर दिनकररावांनी मान हलवून नको म्हटलं. त्या वयाला ते ओझं जड होतं. पुलावर एकदा त्यांचा पाय लटपटला. आपण त्या दिवशीच थांबवलं असतं तर, असं ऊर्मिलाला वाटत राहिलं.

"हे कळलं, पण मग मी काय करू?" तिनं फ्राउ लोरेन्सना विचारलं. आवाज तिच्या मनाविरुद्ध चढला. "केर्वेपर्यंत हे जगलं नाही तर जागा जाईल माझी."

फ्राउ लोरेन्स सरळ ओढ्यात उतरल्या आणि तिलाही खूण केली. पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. काठाच्या झाडांच्या मुळांखाली जिथं सावली होती, तिथं बोटाएवढे मासे दाटीवाटीनं उभे होते. वरच्या अंगाचे सगळे डोह आटले होते, म्हणून सगळे इथं गोळा झालेले. ऊर्मिला रोज इथं झारी बुडवत होती, पण तिनं कधी वाकून बघितलंच नव्हतं.

फ्राउ लोरेन्सनी काठावरची एक सरळ काठी तोडली, तिला चाकूनं खाच पाडली आणि ती ओढ्याच्या मधोमध रोवली. "हातानं पाणी घ्यायला कुणालाही मुभा आहे," त्या म्हणाल्या. "झारी, बादली, जे हातानं उचलेल ते. दोन्ही राज्यांत. पण पाणी उतरत उतरत या खाचेला टेकलं, की झारीसुद्धा नाही. मी काही रोज येऊन बघणार नाही."

पलीकडून हेर थीलनी मान डोलावली. काठी नेमकी हद्दीवर होती.

दुपारी जेवताना दिनकररावांची ताकाची वाटी तशीच राहिली. हृषिकेश त्या दिवशी घरूनच काम करत होता, तोही जेवायला होता. मैथिलीनं आजोबांच्या मांडीवर हात ठेवला. "आबा, बिस्ट डु ट्राउरिश?" तिनं विचारलं, उदास आहेस का म्हणून. त्यांना शब्द कळला नाही, पण काय विचारलं ते कळलं. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि एकाएकी मान वर केली.

"हातानं चालतंय म्हनली न्हवं ती बाई?"

"हो, मामंजी. पण दोन हातांनी किती होणार?"

"दोनच हात आसं कुटं म्हनली?" मिशा पुन्हा हलल्या. या वेळी ऊर्मिलाला त्या दिसल्या. "इर्जिक घालू."

हृषिकेशनं कपाळाला हात लावला. "आबा, इथं कोण येणार इर्जिकेला?"

"जेवाय घाटलं तर कोन न्हाई येनार?"

आपल्याकडं एखाद्याचं काम अडलं, की तो गावाला हाक घालतो. माणसं औतं-अवजारं घेऊन येतात, दिवसभर राबतात, आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं. मजुरी नाही, उपकार नाही. ऊर्मिलानं लहानपणी शेवटची इर्जिक बघितली होती. तिनं संध्याकाळी फोन लावायला सुरुवात केली तेव्हा तिला लाज वाटत होती. झोपायला गेली तेव्हा मात्र घरात एवढं पीठ आहे का, ही काळजी होती.

शनिवारी सकाळच्या बसमधून कायझर्सलाउटर्नचे विद्यार्थी उतरले. सगळ्यात पुढं सिद्धेश, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा, आणि निशिगंधा, जिनं बादली म्हणून हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलंच आणलं होतं. हृषिकेशच्या ऑफिसातले दोघं-तिघं आले. गावातले शेजारी आपापल्या झाऱ्या घेऊन आले, काही मदतीला आणि काही नुसती मजा बघायला. पण दिनकररावांपुढं नुसती मजा बघणारा टिकत नाही. त्यांनी प्रत्येकाला दंडाला धरून रांगेत उभं केलं. आणि पलीकडून, पुलावरून न येता थेट ओढ्यातूनच, मोल्टर आपल्या अख्ख्या खटल्यासह आला.

"झारलँडच्या माणसानं फाल्झचं पाणी उचललेलं चालतं का?" हृषिकेशनं हसत विचारलं.

"मी मधे उभा राहतो," मोल्टर म्हणाला. "मग कुणाला कळणार नाही." तो खरंच मधोमध उभा राहिला, काठीपासून हातभर, एक पाय या राज्यात आणि एक त्या. बादल्या तोच भरायचा. काठी त्याच्या नजरेसमोर होती.

रांग ओढ्यापासून चढावर गवारीपर्यंत गेली. भरलेली बादली या हातातून त्या हातात वर, रिकामी पलीकडच्या अंगानं खाली. सुरुवातीला अर्धं पाणी पायांवरच सांडत होतं. मग दिनकररावांनी "हां... घ्या! हां... द्या!" असा ठेका धरला आणि हळूहळू रांगेला ताल सापडला. जर्मन शेजाऱ्यांना 'घ्या' आणि 'द्या' एवढं मराठी त्या सकाळी आलं, आणि ते इतक्या ठसक्यात आलं की शिरोळात खपून गेलं असतं. मैथिली रांगेच्या बाजूनं धावत होती आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून सगळं मराठीत निघत होतं: "आबा, इकडं! आई, तिकडं सांडलं!"

ऊर्मिला सरीच्या तोंडाशी बसून पाणी वळवत होती. पाठ मोडून आली होती, ओचा चिखलानं भरला होता, आणि ती हसत होती. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत या देशात तिला कधी असं घरचं वाटलं नव्हतं.

दुपारी मांडवाखाली पंगत बसली. ज्वारीच्या भाकरी, झुणका, खर्डा, भरली वांगी. गावातल्या बायकांनी बटाट्याचं सूप आणि त्याबरोबर आलुबुखाराचा केक आणला. तिथं ते एकत्रच खातात. सिद्धेशनं केक भाकरीवर ठेवून खाल्ला आणि शपथेवर सांगितलं की छान लागतं. मोल्टरनं खर्डा पुन्हा मागितला. माणूस शहाणा होत नाही तो नाहीच.

पुढचा प्रत्येक शनिवार असाच गेला. मधल्या दिवसांत संध्याकाळी गावातली चार माणसं आपोआप यायची. कुणी बोलावलं नव्हतं. दुधी लोंबू लागले, भेंडी रोज तोडावी लागे. पाऊस मात्र आला नाही, आणि ओढा दर दिवशी काठीवर थोडा खाली उतरत होता. सकाळी ऊर्मिला आता भेंडीच्या पानाआधी काठी बघायची.

केर्वेच्या आदल्या दिवशी रांग गवारीपर्यंत पोहोचायच्या आत मोल्टरनं बादली बुडवायला धरली आणि तशीच रिकामी वर घेतली. "खाच," तो म्हणाला.

सगळे थांबले. पाणी खाचेला टेकलं होतं. वर गवारीच्या ओळी कोरड्या होत्या, शेंगा कोवळ्या, पानं मिटलेली. बाकी सगळं शेत हिरवंगार आणि नेमका वरचा तुकडा असा, जो वाटेवरून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसतो.

"ताई, चार-पाच बादल्यांनी काय होतंय?" सिद्धेश हळूच म्हणाला. "उद्या म्हातारी येणार. आणि कोण बघतंय?"

खरंच कुणी बघत नव्हतं. फ्राउ लोरेन्स त्या दिवसानंतर फिरकल्या नव्हत्या. ऊर्मिलानं गवारीकडे बघितलं, मग मुळांखालच्या त्या सावलीकडे. मासे तिथंच होते, थोडे मोठे झालेले. गवारीचं बी तिच्या आईनं पुडी बांधून दिलेलं होतं.

"नको," ती म्हणाली. "बादल्या ठेवा खाली."

दिनकररावांनी टोपी काढून घाम पुसला. सुनेशी ते असं कधी बोलले नव्हते. "पोरी, आमी पानी उचलत गेलो, त्येंनीबी उचललं. आमच्या नदीत अशी काठी रोवायचं ना हिकडच्यांना सुचलं, ना तिकडच्यांना." मग त्यांनी रिकाम्या बादल्या एकात एक घातल्या आणि सगळ्यांना जेवायला हाक मारली. काम अर्धं राहिलं म्हणून जेवण थोडंच अर्धं ठेवायचं?

केर्वेच्या दिवशी गावात बँड वाजत होता. फ्राउ एमरिख चाकांच्या वॉकरवर रेलत, एकटीच वाटेनं उतरली. ऊर्मिला सकाळपासून साडी नेसून उभी होती. म्हातारीनं वाळलेल्या गवारीकडे एकदा बघितलं आणि थांबली नाही. दुधीकडे बघितलं नाही, भेंडीकडे बघितलं नाही. काठीची गोष्ट गावभर झाली होती; ती सरळ ओढ्यापाशी गेली, वाकली, आणि बराच वेळ काठीकडे बघत राहिली. पाणी अजून खाचेला धरून होतं.

मग ती वर आली. एक कोवळी भेंडी तोडून तशीच कच्ची चावली. बोटांना लागलेली तार बघून तिला गंमत वाटली. फिरत फिरत ती गवारीपाशी आली. "हे का वाळलं?"

"पाणी खाचेपर्यंत आलं होतं," ऊर्मिला म्हणाली. दुसरं सांगायला काही नव्हतं.

म्हातारीनं बुटाच्या टोकानं माती उकरली, चिमटीत घेऊन चुरडली. "हा वरचा भाग असाच. माझ्या वेळीही इथं पाणी टिकायचं नाही." तिनं हात झटकले. "पुढच्या वर्षी इथं बटाटे लाव. ते तग धरतात."

दिनकरराव केव्हापासून ताटकळत होते. "काय म्हनली? काय म्हनली ती?"

"इथं बटाटे लाव म्हणाल्या, मामंजी."

"कवा?"

"पुढच्या वर्षी," ऊर्मिला म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं. तिनं तोंडावर पदर धरला. हसू की रडू, दोन्ही एकदमच आलं.

"मग तिला उपाशी धाडतीस व्हय?" दिनकरराव ओरडले. "भाकरी आन की!"